घराखालचा ट्रक

टेक्सासमधल्या आमच्या दादाने (सख्खा नव्हे, आतेभाऊ) जुनं डिझेल मोटरहोम घेतलं, आणि घरच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. ओटा, फ्रिज, डबल बेड, चक्क न्हाणीघर! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण हा विंचू एसी लावून हिंडणारा. आत्याने ओट्याची लांबी विचारली, भाच्याने टीव्ही किती इंची आहे ते विचारलं. आईने सगळे फोटो शांतपणे बघितले आणि एकच प्रश्न केला, "दाराची पायरी किती उंच आहे रे?"

सगळे हसले. पण मंडळी, चाकांवरच्या घराबद्दल विचारावा असा पहिला प्रश्न हाच आहे. कारण पायरीची उंची सुतार ठरवत नाही, ती चासी ठरवते. आणि आपल्याकडच्या चासीचा इतिहास बघितला, तर आईचे गुडघे आणि देशाचं औद्योगिक धोरण यांचा संबंध लागतो. गंमत नाही, खरंच लागतो.

आधी दादाच्या गाडीबद्दल. अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल मोटरहोमचं इंजिन मागे असतं. मागून ढकलतं म्हणून तिकडे त्यांना 'डिझेल पुशर'च म्हणतात. खालचा सांगाडा फ्रेटलाइनर किंवा स्पार्टनसारख्या कंपन्या खास याच कामासाठी बनवतात, त्याला हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन असतं, आणि मोटरहोमवाला वर घर बांधतो. यातही दोन पंथ आहेत. एकात सांगाड्याच्या दोन लांब तुळया सरळ असतात आणि घराची जमीन जवळपास त्यांच्यावरच टेकते. दुसऱ्यात त्या तुळयांवर आणखी एक चौकट चढवून जमीन वर उचलतात, म्हणजे खाली गाडीच्या या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आरपार सामानाचे कप्पे मिळतात. सामान वाढलं की पायऱ्याही वाढल्या! फुकट काहीच मिळत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

ट्रकची चासी म्हणजे एक आडवी पडलेली शिडी. इंग्रजी सी अक्षरासारख्या घडीच्या दोन लांब पोलादी तुळया, आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. पुढे इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. खाली पाट्यांच्या कमानी. शिडी एक्सलच्या वर, आणि जमीन शिडीच्या वर. म्हणजे मोठ्या ट्रकच्या चासीवर जमीन रस्त्यापासून मीटरभर वर जाते. सिमेंटच्या गोणीला त्याचं काही वाटत नाही, ती हमालाच्या पाठीवरून चढते. माणसाला स्वतः चढावं लागतं.

मुलुंड चेकनाक्याजवळ वाढलेल्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. नुसत्या चासी रस्त्याने चालल्या आहेत, एकामागून एक. ना केबिन, ना काच, ना छप्पर. बसायला लाकडी फळी किंवा खोका, आणि चेहऱ्याला फडकं गुंडाळलेला ड्रायव्हर ऊन-वारा खात ती शिडी कारखान्यातून शेकडो मैल दूर पोचवतोय. कारखाना चासी विकायचा, बॉडी बांधणारा दुसराच असायचा. त्याच शिडीवर फाळका बसवला की ट्रक, खिडक्या बसवल्या की बस, टाकी बसवली की टँकर.

असं का झालं? कारण देशात बनत होते ते मुख्यतः ट्रक. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, फार्गो वगैरे गाड्या बनू लागल्या. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार १९६९ पर्यंत टिकला. मद्रासची अशोक मोटर्स १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. परकीय चलनाची चणचण, कारखान्याला काय आणि किती बनवायचं याचा परवाना, आणि रस्ते तर विचारूच नका. अशा वेळी फक्त प्रवाशांसाठी वेगळी चासी आखायची चैन कोण करणार? १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) पहिली एसटी धावली. पुढे महामंडळाने दापोडीला, औरंगाबादला आणि नागपूरला स्वतःच्या कार्यशाळा उभारल्या आणि तयार चासी आणून वर बॉडी बांधली. त्यात शहाणपणही होतं. ट्रकचाच सांगाडा, म्हणजे पाटा तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळणार, आणि तो बदलणारा मिस्त्रीही मिळणार. गावोगाव बस पोचली ती या मजबूत, काटक शिडीमुळेच. हे ऋण मान्य करूनच पुढचं लिहितोय.

कारण किंमत मोजली ती चढणाऱ्यांनी. आईचं गाव कोकणात. सहा वर्षांपूर्वी तिने गावच्या बसने जाणं सोडलं. घाट लागतो, तब्येत बरी नसते, गर्दी फार, अशी बरीच कारणं तिने सांगितली. खरं कारण पहिली पायरी. दांडा धरून अंग वर ओढायला खांद्यात जोर लागतो, आणि मागे रांग खोळंबली की म्हाताऱ्या माणसाला लाज वाटते. त्यानंतरचे गणपती तिने मुंबईतच केले. लाल डब्यातल्या पहिल्या पायरीवरून किती घरांत किती माहेरं तुटली असतील, याची कुठे नोंद नाही.

दुसरी किंमत म्हणजे मागचं बाकडं. मालाच्या वजनासाठी घातलेले पाटे थोड्या माणसांनी वाकत नाहीत, म्हणून रिकामी बस जास्त आपटते. त्यात शेवटची सीट मागच्या चाकांच्याही पलीकडे, पाळण्याच्या टोकाला. चाक खड्ड्यातून उसळलं की टोक जास्त उसळतं. चाकांमागे किती बॉडी लोंबू द्यायची यालाही कायदा आहे बरं का. मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या एक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

मग दुसरी वाट नव्हतीच का? होती, आणि तिच्या दोन खुणा आपल्या उपनगरांतच आहेत.

पहिली डबल डेकर. मुंबईत ती १९३७ मध्ये आली. दोन मजले मर्यादित उंचीत बसवायचे (आपल्या नियमात ४.७५ मीटर), तर खालची जमीन मीटरभर उंच ठेवून चालतच नाही. म्हणून डबल डेकरच्या चासीत तुळया एक्सलवरून कमान करून जातात आणि मधे खाली उतरतात. १९२७ च्या इंग्लंडमधल्या लेलँड टायटनमध्ये रॅकहॅम नावाच्या इंजिनिअरने प्रोपेलर शाफ्टही मधून न नेता एका बाजूला सरकवला, का, तर बसमधली वाट खाली घेता यावी. त्याच नावाची टायटन अशोक लेलँडने १९६७ मध्ये आपल्याकडे आणली. म्हणजे गरज पडली तेव्हा शिडी वाकवता येत होती! बेस्टची शेवटची डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीत धावली, आगरकर चौक ते सीप्झ, ४१५ नंबर. लोकांनी हार-फुगे लावून तिला निरोप दिला.

दुसरी खूण गोरेगावची. १९५८ मध्ये बजाज टेम्पोने तिथे जर्मन टेम्पो कंपनीच्या परवान्याने हॅन्सिट ही तीनचाकी बनवायला घेतली. मराठीत छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतात तो शब्द या कंपनीचा. इंजिन पुढे, आणि ते फिरवायचं पुढचंच चाक. नंतर कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि तिथून आली मॅटॅडोर. तिचीही पुढचीच चाकं ओढायची. याचा अर्थ लक्षात घ्या. मागे प्रोपेलर शाफ्ट नाही, म्हणून त्याच्यासाठी जमीन उचलायची गरज नाही. दार उघडलं की सपाट, बुटकी जमीन. मॅटॅडोर दुधाची झाली, शाळेची झाली, वऱ्हाडाची झाली, ॲम्ब्युलन्स झाली, ते उगाच नाही. आमच्या आजीला नऊवारीत कुणाचा हात न धरता मॅटॅडोरमध्ये चढताना मी पाहिलंय. १९८७ मध्ये त्याच कंपनीची ट्रॅव्हलर आली. जास्त मोठी, जास्त आरामाची, पण मागच्या चाकांवर चालणारी. जमीन पुन्हा वर गेली.

"आपल्याकडे मोटरहोम कधी आलंच नाही का?" असं दादाने विचारलं होतं. आलं की! गोरेगावच्या चित्रनगरीबाहेर उभं असतं. सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन म्हणजे आपली पहिली चालती घरं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या इथे रुजवण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लन यांना देतात. बस-ट्रकच्या चासीवर खोल्या, आरसे, संडास, जनरेटर. पण व्हॅनिटी व्हॅन दिवसभर उभी असते, रात्री थोडीशी चालते. त्यामुळे खालच्या ट्रकचे दोष तिच्यात कुणाला जाणवत नाहीत. हिरोला उंच पायरीचं काय?

चालत्या घराची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बसच्या बॉडीसाठी आता एआयएस-०५२ हा कोड आहे, मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. म्हणजे वाटेल त्या शिडीवर वाटेल ते घर बांधायचे दिवस कागदावर तरी संपले. आईला गावी नेण्यासाठी आम्हीही भाड्याच्या कॅरव्हॅन बघतोय, आणि मी टेप घेऊन जातो. पहिल्या पायरीची उंची मोजतो. बेड मागच्या चाकांच्या पुढे आहे की मागे ते बघतो. पाण्याची टाकी कुठे आहे ते विचारतो, कारण २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ते एका कुशीला असलं तर गाडी कलते, पार मागे असलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते.

उंच चासीला एक बाजू आहेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्यात उंच गाडीच बरी होती. २००८ च्या शहरी बसच्या केंद्रीय निकषांत ४०० मिलिमीटर जमिनीची बसही आहे आणि ६५० ची मधली वाटही. मला मधली वाट पटते. पाणी वर्षातून चार दिवस तुंबतं, पायरी रोज चढायची असते.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती. कुणाच्या आल्बममध्ये मॅटॅडोरचे, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीचे फोटो असतील तर टाकून देऊ नका. दार उघडं असलेला फोटो असेल तर उत्तमच. पायरी किती बुटकी होती, ते मला मोजून बघायचंय.