ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं?

गेल्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला आणि विषय निघाला गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्यांचा. एक आजी ठामपणे म्हणाल्या, त्या गोळ्यांनी बाळ काळं निपजतं. दोघीतिघींनी माना डोलावल्या. आशाताई तिथंच बसल्या होत्या, मांडीवर वही घेऊन. त्यांनी तोंड उघडलं तर, ‘तू कालची आलेली सून, आम्हाला काय शिकवतेस?’ म्हणून त्यांना गप्प केलं. मी गटाची समन्वयक, पण मीही वेळेवर बोलले नाही. घरी जाताना बी.ए.ला अभ्यासलेलं एक जुनं भांडण आठवत राहिलं. आज तेच सांगते.

सन १८९०. तेव्हाच्या कायद्यात मुलीचं संमतिवय होतं १० वर्षं. म्हणजे मुलीनं दहा ओलांडली की नवऱ्यानं तिच्याशी संबंध ठेवला तरी तो बलात्काराचा गुन्हा नव्हता. त्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. नवरा तिच्याहून कितीतरी मोठा, चांगला बाप्या. पण मुलगी दहाच्या वर होती, त्यामुळे बलात्काराचा खटला उभाच राहू शकला नाही. हलक्या कलमाखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, बस्स.

मग सरकारनं हे वय १० वरून १२ करण्याचं विधेयक आणलं, आणि सगळ्यात मोठा गदारोळ उठला तो बंगालात आणि आपल्या पुण्यात. विरोधकांचं म्हणणं असं, की मुलगी न्हातीधुती झाल्याबरोबर गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे, तो लांबवला तर धर्म बुडतो. लोकमान्य टिळक विरोधात होते. त्यांची बाजू नीट सांगायला हवी, कारण ती बऱ्याचदा अर्धीच सांगितली जाते. त्यांचा मुख्य आक्षेप होता, की आमच्या घरातल्या रीती परक्या सरकारनं कायद्यानं बदलू नयेत. मुलीचं लग्न १६ वर्षांच्या आत आणि मुलाचं २० च्या आत करणार नाही, अशी शपथ सुधारकांनी आधी स्वतः घ्यावी, असंही त्यांनी सुचवलं होतं. यातला ‘आधी आपल्या घरापासून’ हा मुद्दा मला आजही पटतो. कायद्याला विरोध मात्र पटत नाही. शपथ न घेणाऱ्याच्या घरातली दहा वर्षांची पोर कुणाच्या भरवशावर राहणार होती?

दुसऱ्या बाजूला उभे राहिले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, डेक्कन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक. शास्त्रग्रंथ वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी १८९१ साली एक टिपण लिहून दाखवून दिलं, की गर्भाधान पुढं ढकललं तर शास्त्राला बाध येत नाही. टिळकांना ते मान्य नव्हतं. तेही संस्कृत जाणणारे, त्यामुळे त्यांनी वचनं काढून अर्थावर वाद घातला. मैत्रिणींनो, हे भांडण मला आवडतं. जाणत्या माणसाचं म्हणणं खोडायचं तर त्याच्याइतकं वाचून यायचं, अशी ती गोष्ट होती.

पण सगळे इतके कष्ट घेत नव्हते. पुण्यात क्रीडाभुवनात विधेयकाच्या बाजूनं सभा भरली, ती जमावानं घुसून उधळून लावली. ‘सुधारक’ पत्र चालवणाऱ्या आगरकरांची तर ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली. आगरकरही मवाळ लिहिणारे नव्हते हो, त्यांची लेखणी चांगलीच झोंबायची. पण त्यांच्या लेखाचं उत्तर लेख होतं. तिरडीनं कुठल्या मुद्द्याचं उत्तर मिळालं?

आता मला खरं सांगायचंय ते पुढं आहे. एवढी पत्रं, एवढ्या सभा, पण ज्यांच्या शरीराचा प्रश्न होता त्यांना कुणी विचारलं? त्या वेळी हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून जास्त स्त्री डॉक्टरांनी मिळून सरकारकडं अर्ज केला. लखनौच्या डॉ. मॅन्सेल त्यात पुढं होत्या. लहान मुलींच्या काय जखमा आपण दवाखान्यात पाहिल्या, याची प्रकरणं त्यांनी त्यात लिहून दिली आणि वय १४ करा म्हणाल्या. ही ऐकीव माहिती नव्हती, स्वतःच्या हातांनी उपचार केलेल्या बायांनी लिहिलेलं होतं. तरी आपल्याकडं चर्चा चालली ती बहुतेक श्लोकांची.

आणि अनुभव असलेली एक बाई मुंबईत आधीच बोलून चुकली होती. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या सासरी गेल्या नाहीत. मोठेपणी नवऱ्यानं नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८५ साली इंग्रजी वर्तमानपत्रात बालविवाहावर त्यांची पत्रं छापून आली, तीही ‘एक हिंदू स्त्री’ या नावाखाली. स्वतःचं नाव घालायची सोय नव्हती. पहिल्यांदा निकाल त्यांच्या बाजूनं लागला, मग फिरला. १८८७ साली कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. टिळकांच्या ‘मराठा’नं त्यांच्यावर कडक टीका केली. शेवटी पैशांवर तडजोड झाली आणि दावा मिटला. त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या, आणि सुरत, राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं काम केलं. ज्या विषयावर टोपणनावानं लिहावं लागलं, त्याच विषयातल्या पुढं त्या जाणकार झाल्या.

विधेयक १८९१ च्या मार्चमध्ये मंजूर झालं. वय १२ झालं. स्त्री डॉक्टरांचे १४ तेव्हा आलेच नाहीत.

चार वर्षांनी, १८९५ साली, आगरकर गेले. एकेकाळी दोघे मित्र, कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेले. पुढं इतकं बिनसलं, तरी ‘केसरी’त त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

परवाच्या बैठकीत मी आधी आशाताईंना बोलायला लावलं आणि त्यांचं होईपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही म्हणाले. त्यांनी सांगितलं, गोळी घेतली की शौचाला काळी होते, म्हणून ही भीती पसरली असणार. बाळाच्या रंगाशी तिचा संबंध नाही. आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘ते असू दे. पण माझ्या नातसुनेला गोळी घेतली की मळमळतं, त्याचं काय?’ आशाताईंनी वही बाजूला ठेवली. रात्री जेवल्यावर द्या, म्हणाल्या, आणि चहाबरोबर नको. आजींनी विचारलं, ‘का गं, चहाबरोबर का नको?’