खोक्यावरचे १५ बार

घरासाठी ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन घ्यायचं म्हणून मी दोन मॉडेलं ताडून बघत होतो. दोन्ही खोक्यांवर ठळक अक्षरांत '१५ बार'. म्हटलं, हा आकडा आला कुठून?

तर मंडळी, १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेराने पेटंट घेतलं, तेव्हा पाणी ढकलायची ती वाफ. दाब जेमतेम दीड बार, आणि चव करपट. वाफेला रजा दिली आकिल्ले गाज्जाने. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या मशीनला स्प्रिंगचा दांडा आला: दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते, आणि ती सुटताना पाणी आठ-नऊ बारने कॉफीतून जातं. वर सोनेरी फेस, म्हणजे क्रेमा! १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ ने दांड्याचं काम विजेच्या पंपाला दिलं, आणि ९ बार रूढ झाले. घरात दळण्यापासून सगळं एका बटणावर आणलं साएकोने, १९८५ साली.

म्हणजे कपाला लागतात नऊच. पंधरा ही त्या छोट्या पंपाची कमाल ताकद. चांगल्या मशीनमध्ये व्हॉल्व्ह ती खाली आणतो. आकडा भारी दिसतो, एवढंच! दळण जाडंभरडं असेल तर पंप तरी काय करणार? मी शेवटी दोघांतलं ज्याचं दळण जास्त बारीक करता येतं, ते घेतलं.