बडोद्यातील साहेब : छावणीतले आणि शहरातले

बडोद्याच्या जुन्या शहराला चार दरवाजे : लहरीपुरा, पाणी, चांपानेर आणि गेंडी. त्यांच्या आत मांडवी, पेढ्या, हवेल्या आणि माणसांची दाटी. आणि उत्तरेस, फतेगंजाच्या बाजूला, शहरापासून अंतर राखून वसलेली इंग्रजांची छावणी. तेथे रुंद रस्ते, ऐसपैस आवारांतील बंगले, आणि १८२५ साली बिशप हेबर बडोद्यास आले असता त्यांच्या हस्ते ज्याचे पवित्रीकरण झाले ते चर्च. जवळजवळ दीड शतक इंग्रज माणूस बडोद्यात राहिला तो बहुधा या छावणीत. गायकवाडांच्या प्रजेविषयी, सरदारांविषयी आणि खुद्द महाराजांविषयी त्याने जी मते बनविली, तीही बहुतेक येथल्याच व्हरांड्यांत बनली.

परमुलखात राहणाऱ्या माणसाला तेथील लोकांविषयी काय वाटते, ही एरवी त्याची खाजगी गोष्ट. घरी पाठवावयाच्या पत्रात ती लिहावी आणि विसरून जावे. बडोद्यातील साहेबांची मते मात्र पत्रांत राहिली नाहीत. ती खलित्यांत उतरली, मुंबईला आणि कलकत्त्याला गेली आणि एका महाराजांना गादीवरून खाली उतरविण्यास कारण झाली. म्हणून कोणता साहेब कोठे राहत होता, कोणाचा पगार घेत होता आणि कोणाच्या तोंडून शहराची हकीकत ऐकत होता, हे पाहणे अगत्याचे ठरते.

छावणी वसण्यापूर्वीची एक गोष्ट आधी सांगावयास हवी. बडोद्यापासून दहाएक कोसांवर डभोई. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० साली, हे गाव कंपनीच्या हाती आले आणि जेम्स फोर्ब्स नावाचा तरुण तेथे कलेक्टर म्हणून गेला. तटबंदीच्या आत, गावकऱ्यांच्या शेजारी, तो तीन वर्षे राहिला. त्याला चित्रकलेचा नाद होता. झाडे, पक्षी, साधू, देवळे, जे दिसेल ते तो रेखाटीत असे. डभोईत माणसांइतकीच वानरे आहेत असे त्याने लिहिले आहे आणि त्यांच्यावरून एक मासलेवाईक हकीकत दिली आहे. एखाद्याला शेजाऱ्यावर सूड घ्यावयाचा असला तर तो ऐन मृगाच्या तोंडावर त्याच्या छपरावर तांदूळ फेकी. वानरे जमत, कौलांच्या सांदींत गेलेला दाणा काढण्यासाठी कौले उचकटून फेकीत आणि पहिला पाऊस थेट घरात येई; त्या दिवसांत सगळ्या गावाचीच छपरे शाकारणे चालू असल्याने कौले घालणारा माणूस काही मिळत नसे! ही गोष्ट कोणत्याही रेसिडेंटाच्या दप्तरात सापडावयाची नाही. ती कळण्यास गल्लीतच राहावे लागते.

१७८३ मध्ये सालबाईच्या तहाप्रमाणे डभोई मराठ्यांस परत गेली. फोर्ब्स जाताना डभोईच्या शिल्पांचे काही नमुने बरोबर घेऊन गेला, आणि स्टॅनमोर येथील आपल्या घराच्या बागेत एक लहानशी देवळी उभारून तीत ते त्याने बसविले. १८१३ साली त्याच्या आठवणींचे चार खंड निघाले. परंतु त्या आधी तीन वर्षे, म्हणजे १८१० साली, याच फोर्ब्सने हिंदूंचा स्वभाव आणि त्यांना ख्रिस्ती करून घेण्याची आवश्यकता या विषयावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. बागेत त्यांची शिल्पे आणि मेजावर त्यांच्या धर्मांतराचा पुरस्कार! हा माणूस ढोंगी होता असे म्हणता येत नाही. शेजार सुटून पंचवीस वर्षे लोटली होती आणि डभोईतील माणसांच्या जागी त्याच्या मनात 'हिंदू' नावाची एक कल्पना येऊन बसली होती, इतकेच.

१८०२ साली मेजर अलेक्झांडर वॉकर पहिला रेसिडेंट म्हणून बडोद्यास आला. हा अभ्यासू गृहस्थ होता. त्याने जमविलेल्या हस्तलिखितांचा संग्रह पुढे त्याच्या मुलाने ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयास दिला. परंतु रेसिडेंट हा काही शेजारी नव्हे. त्याचे काम देखरेखीचे. आणि ज्याच्यावर देखरेख करावयाची त्याचे दोष शोधणे हाच हळूहळू त्याच्या जागेचा धर्म होऊन बसला.

त्याचा कळस कर्नल रॉबर्ट फेअर याच्या कारकीर्दीत झाला. फेअर १८७३ मध्ये आला. मल्हारराव गायकवाडांचा कारभार चांगला नव्हता, हे त्यांच्या कैवाऱ्यांनाही नाकारता यावयाचे नाही. पण फेअरची वृत्ती न्यायाधीशाची नव्हती, फिर्यादीची होती. दिवाण म्हणून आलेल्या दादाभाई नौरोजींनाही त्याने धडपणे काम करू दिले नाही. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी फेअरला बदलावे अशी मागणी करणारा खलिता लिहिला आणि ९ नोव्हेंबरला सकाळी तो प्रसिद्ध विषप्रयोग झाला.

फेअरचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे फिरावयास जावे, परत आल्यावर खोलीत मेजावर ठेवलेला पपनसाच्या रसाचा पेला घ्यावा. त्या दिवशी दोन-तीन घोट घेताच त्याला मळमळले. उरलेला रस त्याने बाहेर फेकून दिला आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला तो रेसिडेन्सीच्या डॉक्टरकडे पाठविला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले.

पुढे खटल्यात जे साक्षीदार उभे राहिले ते पाहण्यासारखे आहेत. आया, बटलर, हवालदार, जमादार! साहेबाच्या घरातील ही माणसे रात्री-अपरात्री वाड्यावर जात, तेथील बक्षिसी घेत आणि बंगल्यातील बोलणे तेथे पोहोचवीत, असे पुराव्यात आले. साहेबाला शहर कळे ते अर्जदारांच्या व हेरांच्या तोंडून, आणि शहराला साहेब कळे तो त्याच्या आयेच्या तोंडून. दोन्ही बाजूंना जे कळत होते ते विकत घेतलेले होते. मध्ये दोन-तीन मैलांचा रस्ता होता, आणि त्या रस्त्याने मोकळ्या मनाने जाणारे-येणारे कोणीच नव्हते.

चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन नेमले गेले. मल्हाररावांच्या बाजूने सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित बॅरिस्टर विलायतेहून आला आणि त्याने फेअरची उलटतपासणी अशी घेतली की हिंदुस्थानभर तिची चर्चा झाली. शेवटी कमिशनची बरोबर दोन शकले झाली. तिघा इंग्रजांच्या मते आरोप शाबीत. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांच्या मते नाही. सरकारने विषाचा आरोप बाजूला ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या सबबीवर मल्हाररावांना पदच्युत केले. फेअरलाही आधीच हलविण्यात आले होते. पण त्याचे मत मागे राहिले आणि ते जिंकले.

यानंतर बडोद्यात एक वेगळाच साहेब आला. कवळाण्याच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन सयाजीराव म्हणून गादीवर बसविल्यावर त्याच्या शिक्षणासाठी एफ. ए. एच. इलियट यांची नेमणूक झाली. इलियट यांनी शिष्याला शिकविता शिकविता बडोद्याचाही अभ्यास केला. १८८३ सालचे बडोदे गॅझेटिअर त्यांच्याच हातचे. शेतसारा, जाती, सण, पिके आणि गायकवाडांच्या घराण्याचा इतिहास यांबद्दल त्यात जितके बारकाईने लिहिले आहे तितके छावणीतील कोणी लिहिले नव्हते. १८८१ मध्ये सयाजीरावांना अधिकार मिळाल्यावरही गुरुशिष्यांचा लोभ टिकला आणि इलियट संस्थानच्याच जमीनमोजणीच्या कामावर राहिले. रेसिडेन्सीला हा जिव्हाळा रुचला नाही. इंग्रजाने महाराजांना शिकवावे येथपर्यंत ठीक. त्याने त्यांच्या बाजूने बोलावे हे ठीक नव्हते.

राजपुत्राच्या शिक्षकाचे हे नाते दुसरीकडे कसे वठले, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. सयामचे राजे मोंगकुट यांच्या राजवाड्यात १८६२ ते १८६७ या काळात इंग्रजी शिकविणाऱ्या ॲना लिओनोवेन्स या बाईचे नाव पुढे नाटका-चित्रपटांनी जगभर केले. तिचा जन्म १८३१ साली अहमदनगरला, एका इंग्रज सार्जंटच्या घरी झाला. लग्न पुण्यास झाले. परंतु आपला जन्म वेल्समधला, असे ती आयुष्यभर सांगत आली. नगरला जन्मलेली शिपायाची मुलगी म्हटले तर तिच्या सयामविषयीच्या मतांना विलायतेत किती किंमत मिळाली असती? १८७० मध्ये तिने सयामी दरबारावर पुस्तक लिहिले, त्यात पुष्कळ गोष्टी भडक रंगविल्या आणि त्याबद्दल सयामी लोकांनी तिला क्षमा केली नाही. इलियट यांचे गॅझेटिअर कोणी नाटकात आणले नाही. खरी माहिती बहुधा नाट्यमय नसते.

सयाजीरावांच्या पदरी इंग्रज बरेच होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या नेमणुकीस वरिष्ठ सरकारची संमती लागे. लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ते १८८१ मध्ये वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी १८९० च्या सुमारास तो पुरा केला. बडोदा कॉलेजच्या विस्तीर्ण घुमटाचे काम चिझम यांचेच. या कॉलेजातही इंग्रज प्राचार्य असत. त्यांपैकी ए. बी. क्लार्क यांची एक आठवण सी. आर. रेड्डी यांनी सांगितली आहे. अरविंद घोष कॉलेज सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी रेड्डी आले होते. तेव्हा क्लार्क त्यांना म्हणाले की, अरविंदांचे डोळे पाहिलेत का? जोन ऑफ आर्कला दिव्य वाणी ऐकू येत असेल तर या माणसाला दिव्य दर्शने होत असतील! १९०८ च्या मे महिन्यात याच अरविंदांना सरकारने अलीपूरच्या खटल्यात पकडले. एका इंग्रजाला जो द्रष्टा वाटला तो दुसऱ्याला राजद्रोही वाटला. पहिला त्याच्याबरोबर एका छपराखाली मुले शिकवीत होता.

१९११ साल आले आणि दोन्ही प्रकारची मते एकाच वर्षी लंडनच्या वाचकांपुढे पडली. एडवर्ड सेंट क्लेअर वीडन नावाचे इंग्रज पाद्री सयाजीरावांचे पाहुणे म्हणून त्यांच्या घरात सुमारे वर्षभर राहिले होते. त्यांचे त्या वास्तव्याचे पुस्तक त्या वर्षी निघाले. महाराजांबरोबर जेवणारा, त्यांच्या मुलांशी गप्पा मारणारा आणि घरातील कुरबुरी ऐकणारा हा माणूस. त्याच्या लेखणीत राजकारण फार थोडे आणि घर पुष्कळ आहे.

आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली दरबार भरला. सयाजीराव बादशहांपुढे नेहमीचे जडजवाहीर उतरवून आले, एकदा लवले आणि पाठ न दाखविता मागे सरण्याचा रिवाज न पाळता वळून चालते झाले. लंडनच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. सयाजीराव परदेशी जाऊन क्रांतिकारकांना भेटतात हा संशय सरकारी कागदांत आधीपासून मुरत होताच. त्याला आता उघड पुरावा मिळाला असे ज्यांना वाटावयाचे होते त्यांना वाटले. महाराजांना व्हाइसरॉय हार्डिंज यांच्याकडे दिलगिरीचे पत्र पाठवावे लागले आणि ते वर्तमानपत्रांत छापून आले. दरबाराची चित्रफीत लंडनच्या चित्रपटगृहांत दाखविली गेली. महाराज पाठ फिरवून निघून जातात एवढे क्षणभराचे दृश्य तेथील प्रेक्षकांनी पाहिले. वीडन यांच्या पुस्तकातील महाराज, घरच्या माणसांत बसून जेवणारे, त्या पडद्यावर नव्हते.