तेहेतीस सामन्यांचा दावा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे अधिकृत खंड छापले जातात. त्यांतल्या ४०१ व्या खंडात पृष्ठ १२०४ वर ‘हेवूड विरुद्ध नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’ हे प्रकरण सुरू होते आणि मोजक्या पानांत आटोपते. तारीख १ मार्च १९७१. बास्केटबॉलवर लिहिणाऱ्या अनेकांनी याच पानांचा हवाला देऊन सांगितले आहे, की सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी स्पेन्सर हेवूड या खेळाडूला न्याय दिला आणि महाविद्यालयाची चार वर्षे पुरी होण्याआधी व्यावसायिक खेळात उतरू न देणारा नियम रद्द केला. मूळ पाने वाचली, की यातले बरेचसे गळून पडते. तिथे मतविभागणी नाही आणि नियम रद्द झाल्याची घोषणाही नाही. नाव आहे एकट्या न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांचे, आणि दिलेला आहे तो एक अंतरिम आदेश.

यामुळे हेवूडचे मोठेपण कमी होत नाही. उलट या खेळाडूने काय पणाला लावले होते ते दंतकथेपेक्षा कागदांतून जास्त स्पष्ट दिसते. म्हणून ते क्रमाने वाचावेत.

हेवूडचा जन्म २२ एप्रिल १९४९ चा, मिसिसिपी राज्यातल्या सिल्व्हर सिटी या खेड्यातला. कापसाचा मुलूख. दहा भावंडे, वडील त्याच्या जन्माआधीच वारलेले. आई कापूस वेचायला जाई आणि मुलेही लहानपणापासून तिच्याबरोबर शेतात असत. पोरवयातच तो उत्तरेला डेट्रॉइटला आला आणि पर्शिंग हायस्कूलमध्ये विल रॉबिन्सन या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळू लागला. १९६७ मध्ये शाळेने राज्य अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी तो शाळेतून उत्तीर्ण झाला. हे १९६७ साल लक्षात ठेवायला हवे, कारण पुढचा सगळा खटला याच सालाभोवती फिरतो.

नंतर एक वर्ष कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड स्टेट ज्युनियर कॉलेजात. १९६८ च्या उन्हाळ्यात, एकोणीस वर्षांचा असताना, मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. त्या वर्षी अमेरिकेचे काही नामवंत महाविद्यालयीन खेळाडू, त्यांत ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, संघापासून दूर राहिले होते. अंतिम सामन्यात अमेरिकेने युगोस्लाव्हियाला ६५-५० असे हरवले. स्पर्धेत अमेरिकेतर्फे सर्वाधिक गुण हेवूडचे होते, सामन्यामागे १६.१. परतल्यावर तो डेट्रॉइट विद्यापीठाकडून एक हंगाम खेळला आणि सामन्यामागे सुमारे ३२ गुण करून देशभर गाजला.

आता व्यवसायाचा प्रश्न आला. त्या काळी अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलच्या दोन संघटना होत्या: जुनी, प्रतिष्ठित एनबीए आणि १९६७ मध्ये सुरू झालेली, लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूची एबीए. शाळा सुटल्यावर चार वर्षे उलटल्याशिवाय खेळाडू घ्यायचा नाही, असा निर्बंध दोन्हीकडे होता. एबीएने मात्र घरची हलाखी लक्षात घेऊन हेवूडला अपवाद केला आणि ऑगस्ट १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्सने त्याच्याशी करार केला. तेव्हा त्याचे वय वीस. अमेरिकेत त्या वेळी बहुतेक ठिकाणी सज्ञानतेचे वय एकवीस होते.

त्या पहिल्या हंगामाचे आकडे आजही डोळे विस्फारायला लावतात. सामने ८४, गुण २,५१९, रिबाउंड १,६३७. दर सामन्याला ३० गुण आणि साडेएकोणीस रिबाउंड. बोर्डावर किंवा कड्यावर आपटून परत आलेला चेंडू दोन्ही संघांच्या धिप्पाड खेळाडूंच्या गर्दीत उडी मारून हस्तगत करायचा, म्हणजे रिबाउंड. आणि हे एका रात्रीत वीस वेळा, असे जवळजवळ सहा महिने. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान त्याच हंगामात त्याला मिळाले.

हंगाम संपला तेव्हा हेवूड एकवीस वर्षांचा झाला होता. संघाने त्याच्याशी नवा, सहा वर्षांचा करार केला आणि वर्तमानपत्रांत रक्कम झळकली: १९ लाख डॉलर. पण करारपत्रातले हप्ते वेगळे बोलत होते. आकड्याचा मोठा हिस्सा रोख पगाराचा नव्हता. दर वर्षी थोडी रक्कम गुंतवायची, तिची वाढ होऊ द्यायची आणि खेळाडूला ती पुढे कित्येक वर्षांनी, उतारवयाकडे झुकताना मिळायची, अशी ती रचना होती. एबीएमधले अनेक मोठे आकडे याच पद्धतीने फुगलेले होते. लॉस एंजेलिसचे वकील अल रॉस यांनी हा करार त्याला उलगडून दाखवला. आपली फसवणूक झाली, असे सांगून हेवूडने करार झुगारला आणि डिसेंबर १९७० च्या अखेरीस एनबीएतल्या सिएटल सुपरसॉनिक्सशी, म्हणजे मालक सॅम शुलमन यांच्याशी, १५ लाख डॉलरचा करार केला.

फसवणुकीचा आरोप न्यायालयात अखेरपर्यंत तपासला गेला नाही, म्हणून डेन्व्हरच्या मालकांना दोषी म्हणून मोकळे होणे योग्य नाही. पण वीस-एकवीस वर्षांच्या मुलासमोर चक्रवाढीची कोष्टके ठेवून सही घ्यायची, हा व्यवहार दोन्ही बाजू सारख्या समजून करत होत्या, असे मानणे मला तरी जमत नाही.

सिएटलशी करार होताच एनबीए आडवी आली. संघटनेच्या उपविधींतले कलम २.०५ सांगत होते, की शाळेतला खेळाडूचा मूळ वर्ग उत्तीर्ण होऊन चार वर्षे झाल्याखेरीज तो पात्र नाही. हेवूडचा वर्ग १९६७ चा, म्हणजे तो पात्र होणार १९७१ च्या उन्हाळ्यात. भांडण कशासाठी होते ते या हिशेबात कळते. सहा महिने थांबला असता तर एनबीएने त्याला आनंदाने घेतले असते. मात्र मग त्याला निवडप्रक्रियेतून जावे लागले असते. जो संघ त्याचे नाव पुकारेल त्याच्याशीच त्याने बोलायचे, दुसऱ्या कुणाशी नाही. सिएटलशी केलेला करार तेव्हा कागदाचा तुकडा ठरला असता. म्हणजे अर्धा हंगाम आणि मालक निवडण्याचा हक्क, या दोन गोष्टींसाठी दावा होता.

खटले दोन होते आणि एकमेकांत गुंतलेले. डेन्व्हरने रॉस यांच्या ऑल-प्रो मॅनेजमेंट या कंपनीवर दावा लावला, म्हणून लॉस एंजेलिसच्या संघीय जिल्हा न्यायालयातले प्रकरण ‘डेन्व्हर रॉकेट्स विरुद्ध ऑल-प्रो मॅनेजमेंट’ या नावाने नोंदले आहे. हेवूडने एनबीएविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दाद मागितली. न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी त्याला खेळू द्यावे असा तात्पुरता मनाई हुकूम दिला. वरच्या अपील न्यायालयाने त्या हुकुमाला स्थगिती दिली. या स्थगितीविरुद्धचा अर्ज डग्लस यांच्याकडे गेला, कारण सर्वोच्च न्यायालयाचा प्रत्येक न्यायमूर्ती देशाच्या एकेका विभागातले तातडीचे अर्ज पाहतो आणि पश्चिम किनाऱ्याचा विभाग त्यांच्याकडे होता.

डग्लस यांच्या आदेशात माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे तो नुकसानीचा. जिल्हा न्यायालयाचा निष्कर्ष त्यांनी त्यात उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा: या खेळाडूला खेळू दिले नाही, तर त्याच्या कारकिर्दीचा बराच भाग वाया जाईल, शरीराची तयारी आणि कौशल्य उतरेल, लोकांमध्ये मिळालेली मान्यता ओसरेल, स्वाभिमानाला धक्का बसेल. यातले काहीही नंतर पैशाने भरून देता येणार नाही. दिवाणी दाव्यात पक्षकार सहसा थांबू शकतो. जमीन जागेवर राहते, थकबाकीवर व्याज चढते. बास्केटबॉलपटूचे शरीर थांबत नाही. ही गोष्ट खेळाडू एकमेकांत नेहमी बोलत असतील, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या छापील खंडात ती अशी स्वच्छ नोंदली गेली, हे मला सात-दोनच्या कल्पित मतमोजणीपेक्षा फार मोठे वाटते.

आदेशात आणखी एक व्यवहारी तोल आहे. हेवूडला आता रोखले आणि तो पुढे जिंकला, तर गेलेले सामने परत येणार नाहीत. आता खेळू दिले आणि पुढे एनबीए जिंकली, तर त्याने खेळलेले सामने हिशेबातून वगळायचे की नाही ते जिल्हा न्यायालय ठरवू शकेल. डग्लस यांनी स्थगिती उठवली. व्यावसायिक खेळातला सामूहिक बहिष्कार हा महत्त्वाचा प्रश्न आहे, असे नमूद करून त्यांनी त्याचे उत्तर मात्र खालच्या न्यायालयावर सोडले. बेसबॉलला १९२२ पासून मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट होती, बास्केटबॉलला ती नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. पुढच्याच वर्षी बेसबॉलपटू कर्ट फ्लड याच सुटीमुळे पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्या खटल्यात डग्लस अल्पमतात होते.

हेवूडने नंतरच्या अनेक मुलाखतींत त्या महिन्यांचे वर्णन केले आहे: परगावच्या मैदानावर ध्वनिक्षेपकावरून घोषणा व्हायची की एक अपात्र खेळाडू मैदानात आहे, आणि प्रेक्षक खवळायचे. चाळीस-पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणींत रंग चढतो, हे धरून चालावे लागते. पण मुख्य गोष्टीला आदेशाचाच आधार आहे. करार अमान्य करण्याची आणि सिएटलवर कारवाईची धमकी एनबीएने दिल्याचे डग्लस लिहितात. त्याचे सामने नंतर बाद ठरू शकतील, ही शक्यताही तिथेच नोंदलेली आहे. प्रत्येक सामना दाव्याच्या निकालावर टांगलेला, अशा स्थितीत तो खेळत होता. सिएटलच्या ८२ सामन्यांपैकी ३३ त्याच्या वाट्याला आले. त्यांत सरासरी २०.६ गुण आणि १२ रिबाउंड. डेन्व्हरमधल्या आकड्यांपेक्षा हे बरेच कमी आहेत. एनबीएत स्पर्धा जास्त कडवी होती हे खरे, पण एक दिवस मैदानात आणि एक दिवस वकिलांकडे, याचाही वाटा त्यात असणार. संघ ३८ विजय आणि ४४ पराभवांवर थांबला आणि बाद फेरीत गेला नाही.

नियमाविरुद्धचा खरा निकाल फर्ग्युसन यांचा, त्याच मार्च महिन्यातला. त्यांनी म्हटले, की सगळ्या संघमालकांनी मिळून एखाद्याशी व्यवहार न करण्याचे ठरवणे हा शर्मन कायद्याखाली, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली, बहिष्कारच आहे. त्यांनी नुकसान तीन ठिकाणी दाखवले: बाहेर ठेवलेल्या माणसाचे, ज्या बाजारात तो आपले काम विकतो तिथल्या स्पर्धेचे, आणि तिसरे, मालकांनी आपली आर्थिक ताकद एकवटून जणू स्वतःचे खासगी सरकार स्थापल्याचे. नियम लावण्याआधी खेळाडूचे म्हणणे ऐकून घेण्याची साधी सोयही उपविधींत नव्हती, यावर त्यांनी नेमके बोट ठेवले. मुलांनी शिक्षण पूर्ण करावे म्हणून हा नियम आहे, हे संघटनेचे समर्थन त्यांनी मानले नाही. कापसाच्या शेतातून आलेल्या मुलाच्या शिक्षणाची काळजी एनबीएच्या मालकांना नेमकी तो कमावता झाला तेव्हाच वाटावी, हे मलाही पटत नाही.

यानंतर पक्षकारांनी तडजोड केली आणि हेवूड सिएटलकडे राहिला. मार्चच्या अखेरीस झालेल्या निवडप्रक्रियेत बफेलो ब्रेव्हजने दुसऱ्या फेरीत त्याचे नाव पुकारले. सिएटलकडून आधीच खेळत असलेला खेळाडू त्या यादीत तिसाव्या क्रमांकावर नोंदलेला आजही सापडतो. सप्टेंबर १९७१ मध्ये एनबीएने हलाखीच्या कारणाने लवकर येऊ इच्छिणाऱ्यांसाठी वेगळी निवड घेतली आणि तीतून बाल्टिमोरला फिल शेनिये हा उत्तम खेळाडू मिळाला. म्हणजे एबीएने १९६९ मध्ये हेवूडसाठी जी फट ठेवली होती, तीच एनबीएने दोन वर्षांनी आपल्या भिंतीत पाडली. आपण गरीब आहोत हे खेळाडूने सिद्ध करायचे, ही अट १९७६ मध्ये गेली.

सिएटलमध्ये हेवूडची सर्वांत चांगली वर्षे गेली. १९७२-७३ मध्ये त्याची सरासरी २९.२ होती. चार वेळा तो ऑल-स्टार सामन्यात खेळला आणि १९७५ मध्ये बिल रसेल यांच्या मार्गदर्शनाखाली संघ पहिल्यांदा बाद फेरीत गेला. मग न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स आणि १९७९-८० मध्ये लॉस एंजेलिस लेकर्स. तिथे कोकेनचे व्यसन हाताबाहेर गेले आणि अंतिम मालिका चालू असतानाच प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांनी त्याला निलंबित केले. लेकर्स ती मालिका त्याच्याविना जिंकले. व्यसनाबद्दल त्याने पुढे स्वतःच उघडपणे लिहिले आणि बोलले आहे. इटलीत व्हेनिसला खेळून तो वॉशिंग्टनला परतला आणि १९८३ मध्ये थांबला. दोन्ही संघटना मिळून त्याचे ८४४ सामने आणि १७,१११ गुण भरतात. सिएटलने त्याचा २४ क्रमांक २००७ मध्ये मानाने निवृत्त केला; हॉल ऑफ फेममध्ये नाव लागायला मात्र २०१५ उजाडले.

२००५ मध्ये एनबीएने पुन्हा वयाची अट आणली: वय किमान १९ आणि अमेरिकी खेळाडूसाठी शाळा सुटून एक वर्ष. फर्ग्युसन यांचा निकाल या अटीला लागू होत नाही, कारण ती खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या सामूहिक करारातून आली आहे आणि अशा करारांना मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण असते. १९७१ चा नियम मालकांनी एकतर्फी केलेला होता. लवकर व्यावसायिक होण्याच्या मुभेला आपले नाव द्यावे, असे हेवूड गेली अनेक वर्षे जाहीरपणे मागत आहे. केविन गार्नेट १९९५ मध्ये शाळेतून थेट एनबीएत आला आणि त्याच्यामागून कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स आले, ते याच मुभेतून. नाव द्यायचे झाले, तर त्याबरोबर खेळाडूंना डग्लस यांचा तो आदेश आणि फर्ग्युसन यांचा निकाल, दोन्ही वाचायला द्यावेत असे मला वाटते. कराराचे कागद वकिलाच्या टेबलावर मांडून बसणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्यांचा आजही उपयोग आहे.