कार्यालयातल्या सर्व्हरचं घड्याळ चुकतंय? आधी फरक मोजा, मगच दुरुस्तीला हात घाला

पतसंस्थेत कर्जाचा हप्ता भरून घरी आलात, पावती बघितली तर तारीख चार वर्षांपूर्वीची. सेवा केंद्रात सकाळी संगणक चालू केला, नेट व्यवस्थित आहे, पण एकही पोर्टल उघडायला तयार नाही. दूध संस्थेत सकाळी घातलेलं दूध आदल्या संध्याकाळच्या पाळीत जमा. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण तिन्ही ठिकाणी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघायची असते. सर्व्हरचं घड्याळ.

गावाकडच्या छोट्या कार्यालयात सर्व्हर म्हणजे काही मोठं कपाट नसतं. कोपऱ्यात ठेवलेला एक संगणक, त्यावर सगळा हिशेब, आणि त्याला वायरीने जोडलेले दोन-तीन काउंटर. या एका यंत्राची वेळ चुकली की प्रत्येक नोंद चुकीच्या वेळेची होते. म्हणून हा बिघाड ओळखायचा कसा, सोडवायचा कसा आणि चुकलेल्या नोंदींचं काय करायचं, हे क्रमाने बघू.

वेळ चुकली तर नुकसान कुणाचं?

पहिलं नुकसान सभासदाचं. हप्ता मुदतीत भरला, पण नोंद पुढच्या तारखेची झाली तर दंडव्याज लागू शकतं. मुदत ठेवीची तारीख चुकली तर व्याजाचे दिवस चुकतात. दुसरं नुकसान कर्मचाऱ्याचं. मागच्या तारखेची नोंद दिसली की लेखापरीक्षणात पहिला संशय खुर्चीवर बसलेल्या माणसावर येतो. सीसीटीव्हीत सव्वाअकरा आणि पावतीवर पावणेअकरा असेल, तर वादाच्या वेळी दोन्ही पुरावे कच्चे पडतात.

कामही अडतं. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की ब्राउझर पान उघडत नाही. क्रोममध्ये तर 'तुमचं घड्याळ मागे आहे' असा संदेशही येतो. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे थोड्या फरकानेही तो नाकारला जातो. काउंटर डोमेनवर चालत असतील, तर सर्व्हर आणि काउंटर यांच्यात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडल्यावर लॉगिन अडकू शकतं.

संगणकाला वेळ कळते कशी?

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं. छोट्या नाण्याएवढा गोल सेल त्याला चालवतो. बहुतेक यंत्रांत हा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. संगणक चालू होताना विंडोज किंवा लिनक्स या घड्याळाकडून वेळ घेतं आणि पुढे स्वतः मोजत राहतं. मधूनमधून इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून आपली वेळ सुधारून घेतं. यालाच वेळ सिंक होणं म्हणतात.

बोर्डवरचं घड्याळ क्वार्ट्‌झच्या खड्यावर चालतं. तो खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण अगदी अचूक नसतो. दिवसाला दीड-दोन सेकंदांचा फरक पडला तरी महिन्याला जवळपास मिनिट होतं. म्हणजे सिंक बंद असेल तर चांगलं यंत्रसुद्धा वर्षात दहा मिनिटं मागे-पुढे जाऊ शकतं. तो बिघाड नव्हे, त्याचा स्वभावच तसा.

मग खरी वेळ कुणाची? भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम नवी दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या मदतीने करते. जागतिक वेळेच्या ती साडेपाच तास पुढे असते. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सरकारी संस्था, कंपन्या आणि सेवा देणाऱ्यांनी आपल्या यंत्रांची वेळ या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी मिळवून ठेवावी, असं त्यात सांगितलं आहे.

आधी फरक मोजा

बरेचजण वेळ चुकलेली दिसली की लगेच हाताने बदलतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण रोग शोधलाच नाही. मोबाईलवर वेळ आपोआप घेण्याची सेटिंग चालू आहे ना, हे आधी बघा. मग मोबाईल सर्व्हरशेजारी धरा आणि तारीख, तास, मिनिट, सगळा फरक कागदावर लिहा. कारण कुठे शोधायचं ते हा फरकच सांगतो.

- काही सेकंद ते काही मिनिटं: सिंक होत नाही. यंत्र आपल्या आपण चाललंय.
- बरोबर साडेपाच तास: टाइम झोन चुकलाय, किंवा एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स बोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं.
- बरोबर १२ तास: हाताने वेळ लावताना सकाळ-संध्याकाळची गल्लत.
- साडेबारा किंवा साडेतेरा तास: विंडोज नव्याने टाकल्यावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा टाइम झोन तसाच राहिलाय.
- रात्री वीज बंद होती साधारण तेवढे तास: सेल अशक्त झालाय.
- काही वर्षं: सेल संपलाय. घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलंय.
- दुरुस्त केल्यावर तासाभरात पुन्हा चूक: दोन ठिकाणांहून वेळ लावली जातेय. हिशेबाचं सॉफ्टवेअर, वेळेचं एखादं वेगळं अ‍ॅप किंवा व्हर्च्युअल मशीनचं मूळ यंत्र तपासा.

सेलबाबत आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात घ्या. संगणक बंद असला तरी प्लगमध्ये वीज चालू असेल तर बोर्डवरचं घड्याळ त्या विजेवर चालतं. सेलची गरज वीज पूर्ण गेल्यावरच लागते. संध्याकाळी जाताना मेन स्विच पाडून जाणाऱ्या कार्यालयात म्हणूनच सोमवारी सकाळी घड्याळ चुकलेलं सापडतं आणि दिवसभर ठीक चालतं. दोष विंडोजचा नसतो, सेलचा असतो.

दुरुस्तीचा क्रम

१. काम थांबवा. सगळ्या काउंटरवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करा, बॅकअप घ्या, चुकीच्या वेळेचा फोटो काढा. सॉफ्टवेअर चालू असताना घड्याळ मागे नेलं तर नोंदींचा क्रम बिघडतो.

२. टाइम झोन बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'डेट अँड टाइम'. तिथे साडेपाच तास पुढे असलेला 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हा पर्याय हवा.

३. फरक मोठा असेल तर तारीख आणि वेळ आधी हाताने लावा. ही पायरी बऱ्याच जणांना माहीत नसते. डोमेनवर नसलेल्या विंडोज यंत्रात मूळ सेटिंगनुसार १५ तासांपेक्षा जास्त फरक आपोआप सुधारला जात नाही. तारीख वर्षभर मागे असताना सिंकचं बटण कितीही दाबलं तरी उपयोग होत नाही, तो यामुळे.

४. आता त्याच पानावरचं 'सिंक नाऊ' दाबा. जमलं नाही तर कंट्रोल पॅनलच्या 'डेट अँड टाइम'मध्ये 'इंटरनेट टाइम' हा भाग उघडून सर्व्हरचं नाव बदला. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ऑर्ग', एनआयसीचे 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन'. नावं इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता टाइप करायची. 'इंटरनेट टाइम' हा भागच दिसत नसेल तर यंत्र बहुधा डोमेनवर आहे. त्याची वेळ मुख्य सर्व्हर ठरवतो.

५. तरीही सिंक होत नसेल तर 'सर्व्हिसेस'ची यादी उघडून 'विंडोज टाइम' चालू आहे का बघा. बंद असेल तर सुरू करा आणि 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

६. यंत्र वेळ कुठून घेतंय ते विचारा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यू३२टीएम', जागा, तिरपी रेघ आणि 'क्वेरी', पुन्हा जागा, तिरपी रेघ आणि 'सोर्स' असं इंग्रजीत टाइप करा. उत्तरात सर्व्हरचं नाव आलं तर ठीक. 'लोकल सीमॉस क्लॉक' आलं तर सिंक झालेलंच नाही, यंत्र बोर्डवरच्या घड्याळाच्याच भरवशावर आहे.

७. मग राउटर आणि फायरवॉल बघा. वेळेची विचारणा यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. वेबसाइट उघडतात म्हणजे हा रस्ताही मोकळा आहे असं धरू नका. मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून थोडा वेळ तपासा. त्यावर सिंक झालं, तर अडथळा राउटरमध्ये किंवा नेटच्या जोडणीत आहे.

सर्व्हर लिनक्सवर असेल तर 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने टाइम झोन आणि सिंकची स्थिती एकत्र दिसते. 'क्रोनी' वापरत असाल तर 'क्रोनीसी ट्रॅकिंग'ने फरक कळतो. क्रोनी फरक सहसा हळूहळू भरून काढतं. एकदम जुळवायचं असेल तर 'क्रोनीसी मेकस्टेप' द्यावं लागतं.

सेल बदलताना घाई नको

सेल स्वस्त आहे, पण तो काढल्यावर बायोसमधल्या सेटिंग्ज पुसल्या जाऊ शकतात. सर्व्हरमध्ये दोन डिस्क रेडने जोडलेल्या असतील आणि डिस्कची सेटिंग बदलली, तर सर्व्हर चालूच होणार नाही. म्हणून बायोसच्या प्रत्येक पानाचा आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी असल्याची खात्री करा. यंत्र बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. आतल्या भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करा. नवा सेल बसवताना अधिकची खूण वर ठेवा. चालू केल्यावर आधी बायोसमधल्या सेटिंग्ज फोटोशी ताडून बघा. आतलं काम जमत नसेल तर मेकॅनिकला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

काउंटर, कॅमेरा, हजेरीचं यंत्र

सर्व्हर दुरुस्त झाला म्हणजे काम संपलं नाही. काही सॉफ्टवेअर पावतीवर सर्व्हरची वेळ छापतात, काही काउंटरची. एक चाचणी पावती काढून बघा. डोमेन असेल तर फक्त मुख्य सर्व्हरने बाहेरून वेळ घ्यायची, बाकीच्यांनी त्याच्याकडून. डोमेन नसेल तर प्रत्येक काउंटरला त्याच वेळेच्या सर्व्हरचं नाव द्या. सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि अंगठ्याचं हजेरी यंत्र यांच्या सेटिंगमध्येही ते नाव टाका.

चुकलेल्या नोंदींचं काय?

खरी परीक्षा इथे असते. घड्याळ दहा मिनिटांत सुधारतं, पण चुकीच्या तारखेच्या नोंदी तशाच राहतात. त्या गुपचूप बदलू नका, खोडू नका. बिघाड कधी लक्षात आला, फरक किती होता, कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या पावत्या चुकल्या, घड्याळ कुणासमोर दुरुस्त केलं, हे सगळं नोंदवहीत लिहा. व्यवस्थापक किंवा सचिवाची सही घ्या. सुरुवातीला काढलेले फोटो सोबत जोडा. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीची जी अधिकृत पद्धत आहे तिनेच दुरुस्ती करा आणि संबंधित सभासदांना कळवा. त्या दिवशी लिहिलेलं एक पान पुढे लेखापरीक्षकासमोर कर्मचाऱ्याची बाजू सांगतं.

आणि राहिलेलं काम कालच्या तारखेत बसवायचं म्हणून घड्याळ मागे फिरवू नका. अनेक यंत्रांत वेळ बदलल्याची नोंद आपोआप राहते. एका दिवसाच्या सोयीसाठी केलेला तो बदल नंतर फेरफार म्हणून समोर येऊ शकतो.

सभासदांनी एवढं करावं

पैसे भरले की काउंटर सोडण्याआधी पावतीवरची तारीख आणि वेळ मोबाईलशी जुळवून बघा. चुकली असेल तर तिथेच सांगा, दुरुस्त पावती मागा आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा. पाच सेकंदांचं काम आहे, पण हप्त्याचा वाद निघाला तर तेच उपयोगी पडतं.

कार्यालयांसाठी सवय एकच: महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मोबाईल शेजारी धरून सर्व्हरची वेळ बघायची आणि फरक वहीत लिहायचा. फरक वाढताना दिसला की सिंक आणि सेल दोन्ही तपासा. म्हणजे चुकीच्या तारखेची पावती सभासदाच्या हातात जाण्याआधीच बिघाड सापडेल.