दीडशे मर्सिडीज आणि शंभर किलो वायू : गाडीतील गारव्याच्या कायद्याचा इतिहास

१. ऑक्टोबर २०१०. तेव्हाच्या औरंगाबादेतील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज-बेंझ गाड्या खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतून आलेल्या समृद्धीची खूण म्हणून ही बातमी देशभर गाजली. गाड्यांच्या किमतीवर आणि कर्जावर भरपूर चर्चा झाली. प्रत्येक गाडीच्या एसीत बंदिस्त असलेल्या अर्धा ते एक किलो वायूचा उल्लेख मात्र कुणी केला नाही. हा धागा त्या वायूचा आहे. तो कुठून आला, त्याच्यावर कायद्याचे बंधन कसे आले आणि ते बंधन गॅरेजच्या दारापाशी का सैल पडते, हे क्रमाने पाहू.

२. विसाव्या शतकाच्या आरंभी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू वापरले जात. गळती झाली की माणसे दगावत. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि सहकाऱ्यांनी यावर क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हा उपाय शोधला. १९३०मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत ओढून घेतला आणि तोच फुंकून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि जळतही नाही, हे त्या एका कृतीने सिद्ध झाले. पुढे पॅकार्ड कंपनीने १९४०च्या मॉडेलमध्ये वातानुकूलन दिले आणि गाडीतील गारव्याचे युग सुरू झाले.

३. घरातला फ्रिज आणि गाडीतला एसी यांत एक महत्त्वाचा फरक आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर पूर्ण सीलबंद असतो, म्हणून त्यातला वायू वर्षानुवर्षे टिकतो. गाडीचा कॉम्प्रेसर सामान्यतः इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. त्याच्या फिरत्या दांड्याभोवती सील असते, जोडण्या रबरी नळ्यांच्या असतात आणि सगळ्याला रस्त्याचे हादरे बसतात. त्यामुळे वायू हळूहळू निसटतो आणि काही वर्षांनी ‘गॅस भरायला’ गॅरेजमध्ये जावे लागते. गाडीच्या एसीच्या बाबतीत कारखान्याइतकेच गॅरेजही महत्त्वाचे ठरते, त्याचे कारण हे.

४. १९७४मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की सीएफसी खालच्या वातावरणात नष्ट होत नाहीत. ते वर पोहोचतात, अतिनील किरणांनी तुटतात आणि त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोनचे रेणू फोडत राहतो. मिजलीने ज्या स्थिरतेचा गुण म्हणून गौरव केला, तिचाच हा दोष निघाला. १९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन विवराची नोंद प्रसिद्ध केली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला.

५. या कराराची एक व्याख्या नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. कराराने प्रत्येक देशाचे ‘उत्पादन’ आणि ‘वापर’ यांवर मर्यादा घातली. वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. हवेत प्रत्यक्ष किती वायू सुटला, हे त्या हिशेबात येत नाही. मूठभर कारखाने आणि बंदरे यांच्यावर नजर ठेवणे शक्य होते, लाखो गॅरेजांवर नव्हते. करार यशस्वी झाला तो बऱ्याच अंशी या व्यवहारी निवडीमुळे, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे.

६. भारताने लगेच सही केली नाही. दरडोई वापर नगण्य असताना श्रीमंत देशांनी केलेल्या हानीचा भार आम्ही का उचलावा, हा भारताचा प्रश्न होता. १९९०च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी तो ठामपणे मांडला. त्या बैठकीत विकसनशील देशांसाठी बहुपक्षीय निधीचा निर्णय झाला. सुरुवातीची रक्कम १६ कोटी डॉलर होती आणि भारत व चीन सामील झाल्यास ती २४ कोटींपर्यंत वाढणार होती. १९ जून १९९२ रोजी भारत करारात सहभागी झाला.

७. जुलै २०००मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अंतर्गत ओझोन क्षयकारी पदार्थांचे नियम आले. उत्पादन, आयात-निर्यात, विक्री यांसाठी नोंदणी व परवाने ठरले. वायू पुन्हा शुद्ध करणाऱ्या किंवा नष्ट करणाऱ्या केंद्रांनाही नोंदणी आवश्यक झाली. १ जानेवारी २००३पासून नव्या शीतयंत्रांच्या निर्मितीत सीएफसी वापरणे बंद झाले. १ ऑगस्ट २००८ रोजी, मुदतीच्या आधीच, भारताने दम्याच्या इनहेलरचा अपवाद वगळता सीएफसीचे उत्पादन थांबवले. हे यश मोठे होते. मात्र जुन्या गाड्यांच्या पोटातला वायू या हिशेबाबाहेर राहिला.

८. अमेरिकेने याच काळात वेगळी वाट धरली. स्वच्छ हवा कायद्यातील १९९०च्या दुरुस्तीनुसार (कलम ६०९) गाडीच्या एसीचे काम पैसे घेऊन करणाऱ्याला प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त यंत्र सक्तीचे झाले. या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये ओढून घेणे. दुसरी, त्यातले तेल आणि ओलावा गाळून तो पुन्हा वापरणे. तिसरी, केंद्रात नेऊन नव्या वायूच्या दर्जापर्यंत शुद्ध करून तपासणे. भारतात लहान, असंघटित गॅरेजांची संख्या अफाट आणि यंत्र महाग, म्हणून इथे सक्तीपेक्षा प्रशिक्षणावर भर राहिला. मार्च २०१९च्या ‘भारत शीतकरण कृती आराखड्या’नेही २०२२-२३पर्यंत एक लाख तंत्रज्ञ प्रशिक्षित व प्रमाणित करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

९. आता पुन्हा त्या दीडशे गाड्यांकडे. त्यांत सीएफसी नव्हते, त्या काळचा सर्वमान्य पर्याय आर-१३४ए होता. त्यात क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धक्का नाही. परंतु शंभर वर्षांच्या कालावधीत त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरला जातो. दीडशे गाड्यांत मिळून सुमारे शंभर किलो वायू धरला, तर तो एकदा हवेत सोडणे म्हणजे १४३ टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. युरोपने २००६च्या निर्देशाने १५०पेक्षा अधिक पट परिणामाचे वायू नव्या गाड्यांतून टप्प्याटप्प्याने हद्दपार करायचे ठरवले. गंमत अशी की त्याला अडून बसली ती मर्सिडीजचीच जनक कंपनी. २०१२मध्ये आपल्या चाचणीत नवा पर्यायी वायू पेटल्याचे सांगून डायम्लरने जुनाच वायू चालू ठेवला. हा वाद युरोपीय न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०१८मध्ये निकाल जर्मनीच्या विरोधात लागला.

१०. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती होऊन आर-१३४एसारखे वायूही त्याच्या कक्षेत आले. भारताने सप्टेंबर २०२१मध्ये तिला मान्यता दिली. भारताची आधाररेषा प्रामुख्याने २०२४ ते २०२६ या तीन वर्षांच्या वापरावर ठरते. २०२८मध्ये वापर गोठवायचा, २०३२मध्ये १० टक्के आणि २०४७पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. इथे ती जुनी व्याख्या नव्याने कामी येते. करारानुसार परत मिळवून पुन्हा वापरलेला वायू ‘उत्पादन’ म्हणून मोजला जात नाही. म्हणजे नवा वायू दुर्मिळ होत जाईल तेव्हा जुन्या गाड्यांतून काढून घेतलेला वायू हा मर्यादेत न मोजला जाणारा साठा असेल. आज सिलिंडरमध्ये जपलेला वायू उद्याच्या गाडीला लागेल, हवेत सोडलेला कुणालाच मिळणार नाही.

११. २०१०मध्ये नोंदवलेल्या खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५मध्ये संपते. नेमक्या त्याच वर्षी, १ एप्रिल २०२५पासून, आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे नवे पर्यावरण नियम लागू झाले. त्यांत उत्पादकाचे दायित्व मुख्यतः पोलादाच्या वजनावर मोजले जाते. पोलादाला भंगाराच्या बाजारात भाव आहे, म्हणून ते आपोआप जपले जाते. वायूला तसा भाव नाही, वजन किरकोळ आहे आणि नळी सैल केली की तो काही क्षणांत नाहीसा होतो.

१२. आपल्या शहराच्या औद्योगिक इतिहासात कारखाने, उत्पादन आणि खरेदीच्या बातम्या सविस्तर नोंदल्या गेल्या. दुरुस्ती, भंगार आणि गळती यांची नोंद कुणी ठेवली नाही, आणि कायद्याची नजरही बव्हंशी तशीच राहिली. कारखान्याच्या फाटकावर जे १९८७च्या करारापासून मोजले जात आहे, ते गॅरेजच्या दारात मोजायला अजून सुरुवात व्हायची आहे. पुढच्या वेळी एसीत गॅस भरून घ्याल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : आतला जुना गॅस काढून कुठे ठेवला?