टॉल्स्टॉयच्या राज्यनिषेधाचा शब्दार्थमूलक आधार

लिओ टॉल्स्टॉयच्या राज्यनिषेधाची चर्चा बहुधा नीतिशास्त्राच्या अंगाने केली जाते. परंतु 'माझी श्रद्धा कशात आहे' (१८८४) या त्याच्या ग्रंथावरून त्या निषेधाचा उगम काही अंशी शब्दकोशात आहे, असे दिसून येते. चाळिशी उलटल्यावर ग्रीक शिकलेल्या टॉल्स्टॉयने डोंगरावरील प्रवचनातील 'क्रीनो' या क्रियापदाचे प्रयोग तपासले. चर्चच्या परंपरेनुसार तेथे निषेध आहे तो परनिंदेचा. टॉल्स्टॉयच्या मते तो न्यायदानाचा होय. लूकच्या पाठात त्याच्या जोडीने येणारे 'कातादिकाझो' हे क्रियापद तर दंड ठोठावण्याचेच वाचक आहे, असे तो म्हणतो. न्यायासन गेले की दंड गेला. मग राज्य उभे राहावे कशावर?

मातृभाषेनेही त्याला हात दिला असावा. रशियनमध्ये 'सुदीत्' म्हणजे न्याय करणे व 'सुद' म्हणजे न्यायालय. दोन्ही एकाच धातूची रूपे. प्रचलित मराठी भाषांतरात या स्थळी 'दोष काढणे' असा प्रयोग आहे. तो वाचून न्यायालयाची आठवण होण्याचे कारण नाही!

'क्रीनो' हे दोन्ही अर्थ वाहते, आणि लगेच पुढे येणारा कुसळ-मुसळाचा दृष्टान्त व्यक्तिगत दोषदृष्टीकडेच बोट दाखवितो. म्हणून टॉल्स्टॉयचा अर्थ मला एकांगी वाटतो. उलट, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील क्रोधासंबंधीच्या वचनात 'विनाकारण' हा शब्द मागाहून घुसला, या त्याच्या मताला व्हॅटिकन हस्तलिखिताचा भक्कम आधार आहे.

व्लादिमीर सोलोव्योव मात्र शब्दार्थाच्या वाटेने गेला नाही. 'सत्प्रवृत्तीचे समर्थन' या १८९७ च्या ग्रंथात त्याने राज्याला संघटित करुणा म्हटले. 'तीन संवाद' (१९००) मध्ये एक सेनापती, आर्मेनियन ग्रामस्थांची कत्तल करणाऱ्यांवर आपण तोफा कशा डागल्या, ते टॉल्स्टॉयपंथी राजपुत्राला ऐकवितो. आघात स्वतःवर नव्हे, तिसऱ्यावर होत असेल तर काय, हा त्यातील प्रश्न कोणताही कोश सोडवू शकत नाही. आणि टॉल्स्टॉयची बाजू येथेच सर्वांत दुबळी आहे.

तथापि, रशियात हा केवळ पंडितांचा वाद नव्हता. १७२१ पासून चर्चचा कारभार राज्याधीन सिनॉडकडे होता, आणि शपथ निषिद्ध मानणाऱ्या शुभवर्तमानावरच सैनिकांकडून शपथ घेवविली जाई. १८९५ मध्ये कॉकेशसमधील दुखोबोर शेतकऱ्यांनी आपली शस्त्रे जाळून टाकली. छळानंतर १८९९ मध्ये त्यांपैकी ७ हजारांवर लोक कॅनडास गेले. त्यांचा पुढारी वेरिगिन टॉल्स्टॉयच्या विचारांशी परिचित होता खरा. परंतु या लोकांची शिकवण मुखोद्गत स्तोत्रांत होती, आणि ती छापली गेली १९०९ मध्ये.